ट्रकच्या ब्रेक पेडल सेन्सरमधील दोषाचे निदान : एक विवेचन

प्रस्तावना :
१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली आणि अवजड वाहनांतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची व्याप्ती वाढली. त्याबरोबर दुरुस्तीचे स्वरूपही बदलले. चालकासमोरील इशारादिवा पेटतो, निदानयंत्र एक सांकेतिक क्रमांक दाखविते आणि त्या क्रमांकाशी ज्या भागाचे नाव जोडलेले असेल तो भाग बदलला जातो. अनेकदा नवा भाग बसवूनही दिवा विझत नाही. खर्च मात्र ट्रकमालकाच्या माथी बसतो. प्रस्तुत लेखात ब्रेक पेडल सेन्सरच्या अनुषंगाने निदानाच्या योग्य क्रमाचे विवेचन केले आहे.

सेन्सरचे कार्य :
एअर ब्रेक असलेल्या ट्रकमध्ये चाके रोखण्याचे काम संपीडित हवा करते. पेडल किती दाबले गेले आहे, हे विद्युतसंकेताच्या रूपाने नियंत्रकास कळविणे हे सेन्सरचे काम होय. वाहनाच्या रचनेनुसार मागील ब्रेकदिवे, क्रूझ कंट्रोल आणि इंजिन ब्रेक यांचे कार्य या संकेतावर अवलंबून असते. म्हणूनच ब्रेक लागत असूनही ट्रक धोकादायक ठरू शकतो. दिवे पेटलेच नाहीत, किंवा अखंड पेटून राहिले, तर मागून येणाऱ्या चालकास ब्रेक केव्हा लागला हे समजत नाही.

दोषसंकेताचा अर्थ :
अवजड वाहनांतील जे-१९३९ या संदेशप्रणालीत ५२१ हा क्रमांक ब्रेक पेडलच्या स्थितीचा निदर्शक आहे. त्यासोबतचा दुसरा क्रमांक दोषाचा प्रकार सांगतो : २ म्हणजे विसंगत माहिती, ३ म्हणजे प्रमाणापेक्षा अधिक व्होल्टेज, ४ म्हणजे प्रमाणापेक्षा कमी व्होल्टेज. हे वर्णन नियंत्रकापर्यंत पोहोचलेल्या संकेताचे आहे, सेन्सरचे नव्हे. नैयायिकांच्या परिचित उदाहरणाच्या आधारे बोलायचे तर, धुरावरून डोंगरावर अग्नी आहे हे कळते. कोणते झाड जळते आहे हे कळत नाही.

निदानाचा क्रम :
१) ट्रक सपाट जागी उभा करून चाकांना अडण लावावी व पार्किंग ब्रेक लावावा.
२) सर्व दोषसंकेत नोंदवून घ्यावेत, नोंद होण्यापूर्वी ते पुसू नयेत.
३) पेडल पूर्ण परत येते का, कनेक्टरमध्ये पाणी वा गंज आहे का, वायर कोठे घासली आहे का, हे पाहावे.
४) पेडल सावकाश दाबत निदानयंत्रावरील आकडा पाहावा. तो सलग वाढला पाहिजे. मध्येच उडी घेतल्यास सेन्सर किंवा सैल जोडणी संशयास्पद ठरते.
५) मल्टिमीटरने सेन्सरचा पुरवठा, अर्थ आणि संकेत हे तिन्ही तपासावेत.

पाचव्या पायरीचे महत्त्व एका गणिती उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा आहे आणि पेडल न दाबता संकेत पुरवठ्याच्या १० टक्के, म्हणजे ०.५ व्होल्ट असतो. अर्थच्या जोडणीत गंजामुळे ०.४ व्होल्टची घट होत असेल, तर सेन्सरला प्रत्यक्षात ४.६ व्होल्टच मिळतात. आता संकेत ०.४ अधिक ०.४६, म्हणजे ०.८६ व्होल्ट होतो. पेडलला कोणी स्पर्श केलेला नसतानाही नियंत्रकास ते दाबल्यासारखे भासते. नवा सेन्सर बसविला तरी आकडा ०.८६ हाच राहील. ही घट कनेक्टर लावलेल्या स्थितीतच मोजावी. तो काढल्यास प्रवाह थांबतो आणि घट दिसेनाशी होते.

निष्कर्ष :
पुरवठा व अर्थ निर्दोष असून संकेत चुकीचा असेल, आणि कनेक्टर ते नियंत्रक ही वायर अखंड असेल, तरच सेन्सर बदलणे समर्थनीय ठरते. बदलानंतर निर्मात्याच्या सूचनेनुसार शून्यस्थिती निश्चित करून, ब्रेकदिवे तपासून, मगच ट्रक रस्त्यावर न्यावा. दोषसंकेत हा तपासाचा आरंभ आहे, निर्णय नव्हे. प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यासही हाच धडा आधी मोजमापाने आणि मग पान्याने शिकविता येईल.