गड घेतला, आता पहारा
यकृताची कथा : लेखांक सातवा

चिमाजी अप्पांनी १७३९ साली अपरिमित मनुष्यहानी सोसून सर केलेला आमचा वसईचा किल्ला १७८० साली इंग्रजांच्या हाती पडला, ही हकीकत येथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तिचे स्मरण आज होण्याचे कारण असे, की हिपॅटायटिस बी या विषाणूने निकामी केलेले यकृत काढून तेथे दुसऱ्याचे निरोगी यकृत बसविणाऱ्या वैद्यकासही, घेणे निराळे आणि राखणे निराळे, हा धडा पुष्कळ किंमत मोजूनच शिकावा लागला.

जुन्या यकृताबरोबर रोगही गेला, असे रुग्णाच्या आप्तांना वाटते. वस्तुतः विषाणू रक्तातही संचार करीत असतो आणि शरीरात अन्यत्रही दडून राहतो. शिवाय परके यकृत शरीराने झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दुबळी केलेली असते, त्यामुळे नव्या यकृताचा कब्जा घेण्यास त्याला आयतेच रान मोकळे मिळते. प्रतिबंधक उपायांवाचून सुमारे ८० टक्के रुग्णांत रोग उलटत असे, आणि म्हणूनच १९८०च्या दशकात अशा रुग्णांवर प्रत्यारोपण करणे योग्य की अयोग्य, असाच वाद अनेक ठिकाणी माजला होता.

या निराशेला पहिला छेद गेला तो १९९३ साली. या विषाणूविरुद्धची तयार प्रतिद्रव्ये, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जुने यकृत बाहेर आहे आणि नव्यात रक्त अजून खेळू लागलेले नाही, अशा ऐन संधिकाळी टोचण्यास आरंभ करून पुढे दीर्घकाळ देत राहिल्यास रोगाची पुनरावृत्ती पुष्कळच घटते, हे युरोपातील ३७२ रुग्णांच्या अभ्यासाने दाखविले. त्यानंतर लॅमिवुडिनची गोळी आली; दोहोंच्या जोडीने पुनरावृत्ती १० टक्क्यांच्या आत आली. लॅमिवुडिनला विषाणू कालांतराने दाद देईनासा होई. ती उणीव एन्टेकाविर व टेनोफोविर यांनी बव्हंशी भरून काढली. आज पाच वर्षांनंतर सुमारे ८० टक्के वा त्याहूनही अधिक रुग्ण हयात असतात, आणि महागड्या इंजेक्शनांची मुदतही कित्येकांच्या बाबतीत आखडता येते.

गोळी मात्र सुटत नाही. प्रकृती ठणठणीत आहे, भूक लागते, विरार लोकलच्या गर्दीत उभे राहून चर्चगेटपर्यंत जाता येते, तेव्हा आता औषध कशाला, हा विचार मनात येणे स्वाभाविक असले, तरी पहारेकऱ्याला रजा देण्याचा हुकूम तज्ज्ञाखेरीज कोणी काढू नये.

आणखी एक गोष्ट घराघरांत समजावी अशी आहे. आपल्या देशात यकृताचा भाग बहुधा जवळचा नातलगच देतो. परंतु हा विषाणू प्रसूतिसमयी आईकडून मुलाकडे जात असल्याने, दाता म्हणून उत्साहाने पुढे आलेल्या सख्ख्या भावाच्या रक्तातही तो सापडावा, असे घडते. भावाचा जीव वाचविण्यास निघालेल्याला स्वतःच्याच दुखण्याची वार्ता त्या दिवशी प्रथम कळते. म्हणून घरात एकाला ही बाधा निघाली, की काविळीची माळ गळ्यात घालून स्वस्थ न बसता, सर्वांचे रक्त तपासून घ्यावे. बाधा नसलेल्यांनी लस टोचून घ्यावी आणि असलेल्यांनी यकृत शाबूत असतानाच औषधोपचाराचा सल्ला घ्यावा.

त्या लशीचा, आणि जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत ती देण्याचा आग्रह का धरतात याचा, विचार पुढील लेखांकी.