गाडी धुवा, पण रंग राखून

एकेकाळी आपल्या वस्त्यांत रविवारी सायकल पुसली जायची, फार तर एखाद्याची स्कूटर. आता गल्लीच्या तोंडाशी चार-सहा मोटारी उभ्या दिसतात. कुणी जुनी घेतलेली, कुणी कर्ज काढून टॅक्सीला लावलेली. आणि त्याहून कितीतरी अधिक मुले पहाटे पाचला उठून सोसायट्यांमध्ये दुसऱ्यांच्या गाड्या धुवायला जातात. हा लेख दोघांसाठीही आहे. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक इंजिन नंतर ऐकते, आधी रंग पाहते. आणि दुसऱ्याच्या गाडीचा रंग बिघडला तर धुणाऱ्याच्या पोटावर पाय येतो.

आधी रंग म्हणजे काय ते पाहू. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. त्या काळच्या गाड्यांना पॉलिश करताना फडक्याला रंग लागत असे, कारण वर दुसरे काही नसे. आजच्या गाड्यांत पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. चमक असते ती याच थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही कमी. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू या थराहून कितीतरी कठीण. कोरड्या गाडीवर फडके फिरवले की आपण काचकागदच फिरवत असतो. धुळीने भरलेल्या काचेवर आणि बोनेटवर बोटाने नावे लिहिण्याची आपल्या बालगोपाळांना फार हौस. त्यांना प्रेमाने थांबवावे. ते नाव धुतल्यावरही राहते!

म्हणून पहिला नियम, फडक्याला हात लावण्याआधी पाणी. मगाने टपावरून भरपूर पाणी सोडावे, सुटी माती वाहून जाऊ द्यावी. चाकांच्या वरचा भाग आणि दारांची खालची बाजू येथे चिखल सुकून बसलेला असतो. तो नखाने वा घासणीने काढू नये, भिजू द्यावा.

दुसरी गोष्ट, बादल्या दोन हव्यात. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. दर वेळी फडके आधी साध्या पाण्यात खळबळून, पिळून मगच शाम्पूत बुडवायचे. एवढ्याशा गोष्टीने निम्म्याहून अधिक ओरखडे टळतात असा आमचा अनुभव आहे. धुवायचे वरून खाली, टप, काचा, बोनेट, डिकी, दारे. चाके सर्वांत शेवटी आणि त्यांचे फडके वेगळे, कारण चाकांवर ब्रेकची लोखंडी भुकटी असते. हात गोल फिरवू नये, सरळ रेषेत चालवावा. फडके जमिनीवर पडले तर ते त्या दिवसापुरते बाद समजावे.

या दोन बादल्यांवरून आमच्या वस्तीत एक प्रकरण घडले. गाड्या धुणाऱ्या एका मुलाचे महिन्याचे पैसे कापले गेले. काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसू लागले होते, आणि मालकाचे म्हणणे, याने काथ्याने घासली. मुलाने काथ्या कधी नेलाच नव्हता. आम्ही दोघे-तिघे त्याच्यासोबत गेलो आणि शांतपणे एवढेच विचारले, गाड्या किती? नऊ. बादल्या किती देता? एक. म्हणजे पहिल्या आठ गाड्यांची वाळू नवव्या गाडीवर जाते, हा हिशेब कुणालाही समजेल. निम्मे पैसे परत मिळाले, दुसरी बादलीही आली. सगळे मिळायला हवे होते, असे आमचे मत अजूनही आहे. हे काम करणाऱ्या मुलांनी नवी गाडी हाती घेताना मालकाला सोबत घेऊन ती सगळीकडून एकदा पाहावी, असलेले ओरखडे त्याला दाखवावेत. यात लाजण्यासारखे काही नाही.

शाम्पूऐवजी कपड्यांची पावडर वापरणारे पुष्कळ आहेत. ती स्वस्त पडते, फेसही खूप येतो. पण ती वरचे मेण धुऊन नेते आणि काळे रबर व प्लास्टिक पांढुरके करते. भांडी घासण्याची घासणी तर गाडीजवळही आणू नये. एखाद्या आठवड्यात शाम्पू नसेल तर नुसत्या पाण्याने धुवावी, ते परवडले.

ऊन असताना, तापलेल्या बोनेटवर पाणी ओतू नये. ते जागीच सुकते आणि बोअरचे पाणी असेल तर क्षारांचे पांढरे गोल डाग राहतात. सकाळी लवकर किंवा सावलीत धुवावी व लगेच टिपून घ्यावी. त्यासाठी मायक्रोफायबरचे फडके उत्तम. जुना बनियन चालेल, पण शिवण बाहेर ठेवून नव्हे. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते, उन्हात ती रंगात उतरते. ओले फडके पाच-दहा मिनिटे त्यावर ठेवावे व अलगद उचलावे. खरवडू नये. मळलेल्या गाडीवर कव्हर घालणे हीदेखील चूकच, वाऱ्याने ते घासत राहते.

पाण्याचे म्हणाल तर पाइप लागतच नाही. तीन बादल्या, म्हणजे पन्नासेक लिटरांत गाडी स्वच्छ होते. ज्या वस्तीत नळ तासभर येतो तिथे शेजारच्या बायांचे हंडे आधी भरू द्यावेत, गाडी मागाहून.

धुऊन झाल्यावर गाडी लगेच लावून ठेवू नये. गल्लीतून एक फेरी मारून दोन-तीनदा ब्रेक दाबावेत, म्हणजे चकत्या वाळतात आणि त्यांवर गंज धरत नाही.