माळ कुणी घातली?

आमच्या नातेपुत्याला माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो. गेल्या वर्षी पालखी पुढे गेली आणि आमच्या ओसरीत दोन महिन्यांचे एक पिलू मागे राहिले. घरात वाघीण नावाची मांजर होतीच. दोघींपुढे दूधपोळीची एकच बशी ठेवून मी स्वतःला मोठा भूतदयावादी समजू लागलो!

महिन्याभरात वाघीण गरगरीत झाली आणि पिलाच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी मग या प्राध्यापकाचीच शिकवणी घेतली. वाढत्या पिलाला वजनाच्या मानाने मोठ्या मांजराच्या दुपटी-तिपटीने अन्न लागते आणि पोट इवलेसे, म्हणून ते दिवसातून तीन-चारदा द्यावे. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही. शिवाय टॉरिन नावाचे द्रव्य त्यांना मांस-मासळीतूनच मिळते. ते कमी पडले तर दृष्टी जाते. हृदयही दुबळे होते, हे १९८७ साली संशोधकांनी दाखवून दिले.

आता पिलाचे पान बंद दाराआड, वाघिणीचे दोन वेळा मोजून. पिलांचे खाद्य मोठीने खाल्ले तर ती फुगते. मोठीचे पिलाला अपुरे पडते.

प्रश्न उरला आईचा. माळकरी घरात मासळीच्या वासाचे खाद्य! भीतभीत पुडा दाखवला. आई पिलाच्या बरगड्यांवरून हात फिरवीत म्हणाली, “माळ मी घातलीय रे. त्याला कुणी घातली?”