घाटावरची चित्रशाळा

कोल्हापुरात चित्रकार शोधायचा असेल, तर रविवारी सकाळी पंचगंगेच्या घाटावर जावं. पायऱ्यांवर, देवळाच्या ओट्यावर, पिंपळाच्या पारावर मांडीवर बोर्ड घेऊन बसलेली माणसं दिसतील. कुणी कलाशिक्षक, कुणी डॉक्टर, कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेली मुलगी. या मंडळींच्या गटाला कार्यालय नाही, वर्गणी नाही, अध्यक्षही नाही. शनिवारी रात्री मोबाइलवर निरोप येतो: उद्या अमुक स्पॉट, साडेसहा. ज्याला जमेल तो येतो. पुण्यात, नाशकात, सांगलीत, मुंबईतही असे गट आहेत. पण कोल्हापुरात या बैठकीला वेगळं वजन आहे, कारण या शहराची निसर्गचित्रांची परंपरा वर्गाच्या भिंतींआड जेवढी वाढली, त्याहून जास्त अशी उघड्यावर वाढली.

या परंपरेच्या मुळाशी आबालाल रहिमान आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले आणि राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारात चित्रकार झाले. दरबारी चित्रकाराला व्यक्तिचित्रांचं काम भरपूर असे, पण त्यांचं मन रमलं ते कोटितीर्थाच्या काठावर, रंकाळ्यावर आणि पंचगंगेवर. तेच तळं, तीच झाडं त्यांनी वेगवेगळ्या प्रहरांत पुन्हा पुन्हा रंगवली. रंगांचे छोटे छोटे ठिपके शेजारी शेजारी ठेवून त्यांनी पाण्यावरचा प्रकाश धरला. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले, त्यानंतर आबालालांनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं कोल्हापुरात आजही सांगतात. १९३१ मध्ये आबालालही गेले. जी चित्रं उरली, त्यांवर पुढच्या पिढ्यांचे डोळे तयार झाले.

पुढे दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर अशी मोठी नावं आली. बाबूराव पेंटरांना महाराष्ट्र ओळखतो तो मूकपटांमुळे, पण मुळात ते चित्रकार आणि शिल्पकार. त्यांच्याच तालमीत चंद्रकांत मांढरे तयार झाले. पडद्यावर शिवाजी महाराज उभे करणारा हा नट चित्रीकरणासाठी गावोगाव हिंडे आणि सवड मिळाली की त्या गावाचा ओढा, माळ, वाट कागदावर घेई. पावडर शेडिंग या माध्यमावर त्यांची विशेष हुकमत होती. राजारामपुरीतल्या त्यांच्या ‘निसर्ग’ या घरात आज त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. कोल्हापूरला जाणाऱ्याने अंबाबाईच्या दर्शनानंतर एक तास तिथे द्यावा.

उघड्यावर बसून रंगवणं ही सोय मात्र चित्रकलेच्या मानाने अलीकडची. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाची दाबून रंग काढायची ट्यूब शोधून काढली. तोवर तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. पिशवी टोचून रंग काढला की उरलेला वाळू लागे. ट्यूब आली आणि चित्रशाळा खिशात मावू लागली. आपल्याकडे १८५७ मध्ये जे. जे. सुरू झालं, १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि जलरंगातल्या निसर्गचित्राला वर्ग, प्रदर्शन आणि बक्षीस असं सगळं मिळालं. सा. ल. हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची संस्था काढली आणि पारदर्शक जलरंगाचे धडे पिढ्यांना दिले. तिकडे इंदूरला १९२७ पासून द. दा. देवळालीकर मास्तर विद्यार्थ्यांना बाहेर नेऊन प्रत्यक्ष जागेवर रंगवायला लावत. ना. श्री. बेंद्रे त्यांच्याच हाताखालचे.

आता घाटावर येऊ. बहुतेकांजवळ क्वार्टर कागद असतो, म्हणजे बावीस बाय तीस इंचांच्या पूर्ण कागदाचा चौथा हिस्सा. तास-दीड तासात तेवढाच पेलतो. कागद बोर्डावर चिकटपट्टीने बसवायचा, शेजारी पाण्याचा डबा, एक मोठा गोल ब्रश, एक चपटा, एक बारीक, आणि जुना रुमाल. अनुभवी माणूस बसायच्या आधी घाटाला एक फेरी मारतो, डोळे बारीक करून बघतो. डोळे बारीक केले की तपशील विरतात आणि उरतात ते फक्त उजेडाचे आणि सावलीचे मोठे तुकडे. चित्र त्या तुकड्यांतून उभं राहणार असतं. नवखा माणूस येतो तो थेट देवळाच्या कळसावरची नक्षी काढायला बसतो आणि ती पुरी होईपर्यंत ऊन सरकलेलं असतं.

ऊन सरकतं, हीच या विद्येतली खरी परीक्षा. सात वाजता देवळाची लांब सावली पाच पायऱ्यांवर पसरलेली असते, साडेआठला ती दोन पायऱ्यांवर येते. म्हणून जाणते आधी पेन्सिलीने सावलीची कड आखून घेतात आणि मग ती कितीही हलली तरी आपल्या रेघेवर ठाम राहतात. त्यानंतर पहिला वॉश. आकाशापासून नदीपर्यंत फिकट, ओला, एका दमात. त्यात जिथे उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा, कारण पारदर्शक जलरंगात पांढरा रंग नसतो, पांढरा असतो तो कागदच. एकदा झाकला गेला की तो उजेड परत आणता येत नाही.

घाटाचा काळा दगड कसा रंगवतात ते जवळून बघण्यासारखं आहे. काळ्या ट्यूबला कुणी हात लावत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोन रंग पॅलेटवर पुरते न मिसळता ब्रशवर उचलायचे आणि सावलीत ओलेच सोडायचे. कागदावर ते आपापसांत मिसळतात. कुठे निळसर, कुठे तांबूस असा जिवंत करडा तयार होतो आणि सावलीतल्या दगडाची गारवा धरलेली ओल दिसू लागते. पायरीची कड मात्र कोरी राखलेली असते. त्या केसाएवढ्या पांढऱ्या रेघेवर सकाळचं सगळं ऊन उभं असतं. पुन्हा ब्रश फिरवला तर रंग मळतो. म्हणून एकदा लावलेला हात परत न लावणं हे इथे शिकवलं जातं, आणि ते शिकायला वर्षं जातात.

हवाही तुमच्यासोबत काम करते. एप्रिलमध्ये ब्रश कागदावर टेकेपर्यंत पाणी वाळतं, वॉशला कडा पडतात. जुलैत कागद वाळतच नाही, पहिल्या थरावर दुसरा चढवायला वाट बघत बसावं लागतं. पण पावसाळ्यातलं पन्हाळ्याचं धुकं ओल्यात ओलं सोडूनच साधतं, त्यामुळे छत्री धरून बसणारेही आहेत. बघे तर असतातच. आंघोळीला आलेला पैलवान मागे उभा राहून विचारतो, “हे समोरचं देऊळच काय ओ?” पोरं म्हणतात, “सर, आम्हाला बी काढा की.” एखाददुसरं पोर खरोखर दोन ठिपक्यांत चित्रात जातं आणि घाटाला माप मिळतं.

नऊच्या सुमाराला सगळी चित्रं एका ओळीत पायऱ्यांवर मांडली जातात. या बैठकीचा गाभा इथे आहे. एकच देऊळ, एकच नदी, एकच सकाळ, आणि दहा-बारा चित्रं वेगवेगळी. कुणाला पाणी दिसलं, कुणाला भिंतीचा चुना, कुणाला नुसतं आकाश. ज्येष्ठ माणूस प्रत्येक चित्रासमोर थांबतो, काय साधलं ते आधी सांगतो, मग काय निसटलं ते. ज्याचं चित्र बिघडलं त्यालाही ते मांडावं लागतं. पुस्तकातून रंगांची नावं कळतात, पण आपल्या शेजारी बसलेल्या माणसाने त्याच सावलीत निळा कसा पाहिला, हे फक्त इथेच कळतं. नंतर मिसळ आणि चहा, आणि त्यावर आबालालपासून काल पाहिलेल्या प्रदर्शनापर्यंतच्या गप्पा.

हल्ली बरेच जण विचारतात की फोटो काढून घरी पंख्याखाली रंगवलं तर काय बिघडलं? बिघडत काही नाही, पण मिळतही थोडंच. कॅमेरा सगळं एकाच इमानाने टिपतो: विजेची तार, फलक, देऊळ, माणूस. त्याला काय सोडायचं ते ठरवता येत नाही. सावलीतला रंगही फोटोत बहुधा काळा होऊन येतो. जागेवर बसलेल्या चित्रकाराला मात्र दर मिनिटाला निवड करावी लागते, कारण ऊन थांबत नाही आणि कागद लहान आहे. त्या निवडीतून नजर तयार होते. तासभर एका भिंतीकडे बघत बसलेल्या माणसाला ती भिंत जन्मभर आठवते.

दुसरी गोष्ट गावाची. आबालालांच्या चित्रातलं कोटितीर्थ झाडांच्या सावलीत निवांत पडलेलं आहे. आज त्याच्या चहूबाजूंना शहर आहे. पुरात बुडणारी घाटावरची देवळं, पाणी वाढलं की रंकाळ्यात दिसेनासा होणारा संध्यामठ, जुन्या पेठांतल्या कौलारू वाड्यांच्या ओळी, हे सगळं आजचे रविवारचे चित्रकार कागदावर उतरवून ठेवत आहेत. जो तास तास बघतो त्याला जागा आपली वाटू लागते. घाटाची एक पायरी खचली किंवा एक जुनं झाड तुटलं, तर आधी लक्षात येतं ते याच मंडळींच्या.

तेव्हा घरात मुलांचा रंगांचा डबा पडून असेल, तर येत्या रविवारी तो उचला. महागडा कागद नको, ईझल नको, सहा रंग आणि दोन ब्रश पुरे आहेत. आपल्या गावातही नदीकाठी, देवळापाशी किंवा बाजारात असा एखादा गट बसत असेल. त्याच्या शेजारी जाऊन बसा, कुणी हटकणार नाही. गट नसेल तर दोघांनी सुरू करा. आणि पहिलं चित्र कसंही झालं, तरी ते फाडू नका, पायरीवर मांडा.