एकच पावती, दोन बँका
लेखमाला : ब्लॉकचेनची ओळख – भाग ३

सोयाबीन निघालं की जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात धावडा, पिंपळगाव रेणुकाईच्या पट्ट्यात घरोघरी एकच हिशेब चालतो : आत्ता विकायचं की थांबायचं? सगळ्यांचा माल एकदमच बाजारात येतो आणि भाव पडतो. थांबावं म्हटलं, तर रब्बीचं बियाणं, खत, मजुरी कशातून भागवायची? यावर जुना उपाय आहे. माल वखारीत ठेवायचा, पावती घ्यायची आणि ती तारण ठेवून कर्ज उचलायचं. समजा ४० क्विंटल सोयाबीन आहे आणि भाव ४,००० रुपये धरला. माल झाला १ लाख ६० हजारांचा. त्यावर ७० टक्के कर्ज मिळालं तर १ लाख १२ हजार हातात येतात आणि माल आपल्याच नावावर राहतो.

उपाय चांगला असूनही बँका कचरतात, कारण पावती हा शेवटी कागद आहे. खोटी पावती छापता येते. एकाच मालावर दोन बँकांकडून कर्ज उचललं गेलं, तर एकीचे पैसे बुडालेच. म्हणून बँक पडताळणीसाठी वखारीला पत्र पाठवते, उत्तराची वाट बघते. तोवर शेतकऱ्याचे हेलपाटे होतात आणि पेरणी अंगावर आली की तो पडत्या भावात माल विकून मोकळा होतो. चोरी करणारा एखादाच, पण त्याची किंमत सगळ्या प्रामाणिक माणसांना मोजावी लागते.

गेल्या आठवड्यात आपण हॅश म्हणजे काय ते पाहिलं : मजकुरातून गणिताने काढलेला असा ठसा, जो मजकूर जरासा बदलला तरी बदलतो. आज पावतीपासून सुरुवात केली, कारण बिटकॉइन हे डिजिटल नाणं ज्या प्रश्नातून जन्माला आलं तो हाच प्रश्न आहे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. संगणकातल्या फाइलची नक्कल कितीही वेळा निघते. मग तेच डिजिटल नाणं दोघांना दिलं जाऊ नये, आणि तेही मध्ये बँक न ठेवता, यासाठी काय करायचं, हा त्या निबंधाचा विषय.

त्याचं उत्तर असं : नोंदवही कुणा एकाच्या ताब्यात ठेवायचीच नाही. तीच वही जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवायची. साधारण दर दहा मिनिटांनी नव्या व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, त्या वहीला जोडला जातो. प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा हॅश लिहिलेला असतो. अशी ब्लॉकची साखळी म्हणजेच ब्लॉकचेन. जुन्या नोंदीतला एक आकडा जरी बदलला, तरी त्या ब्लॉकचा हॅश बदलतो आणि पुढच्या ब्लॉकशी जुळेनासा होतो. खाडाखोड लपवायची तर पुढचे सगळे ब्लॉक नव्याने बांधावे लागतील, आणि तेही बाकीच्या संगणकांच्या एकत्रित ताकदीला मागे टाकून. नवा ब्लॉक आधी कोण बांधतो याची संगणकांमध्ये महागडी स्पर्धा चालते आणि जिंकणाऱ्याला नवी नाणी मिळतात. २००९ मध्ये दर ब्लॉकमागे ५० मिळायची, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ मिळतात, आणि एकूण संख्या २ कोटी १० लाखांपुढे जाणार नाही.

ही युक्ती नाण्यापुरती मर्यादित नाही. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने व्हर्ल या कंपनीच्या मदतीने वखार पावत्या ब्लॉकचेनवर आणल्या आणि राज्य सहकारी बँक त्यावर तारण कर्ज देऊ लागली. पावतीची नोंद साखळीत जाते आणि कर्ज मंजूर होताच तिच्यावर बोजा चढतो. दुसऱ्या बँकेने तीच पावती तपासली की बोजा लगेच दिसतो. पडताळणीत जाणारे दिवस वाचतात. एवढा फरकसुद्धा पेरणीच्या तोंडावर फार मोठा असतो. बिटकॉइनच्या वहीत कुणीही सहभागी होऊ शकतं. संस्थांनी चालवलेल्या साखळीत मात्र सहभागी सहसा ओळखीचे असतात, म्हणून तिथे ब्लॉक बांधण्याच्या त्या महागड्या स्पर्धेची गरज पडत नाही.

पण वहीला पोत्याच्या आतलं दिसत नाही. वखारीत ३० क्विंटल उतरलं आणि नोंद ४० ची झाली, तर ब्लॉकचेन तो खोटा ४० चा आकडा जसाच्या तसा जपून ठेवेल. ओलावा, प्रत, वजन हे काट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या सचोटीवरच आहे. मला या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आणि नवशिक्याला ती क्वचितच सांगितली जाते.

गेनबिटकॉइन प्रकरण याच नजरेने बघा. दरमहा १० टक्के, सलग १८ महिने, अशा आमिषाने देशभरातून लोकांची बिटकॉइन गोळा केली गेली. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य सूत्रधाराला अटक केली. त्यात बिटकॉइनची वही कुणी फोडली नव्हती. १० टक्क्यांचं वचन त्या वहीत कधी लिहिलेलंच नव्हतं, ते दिलं होतं माणसांनी, हॉटेलांतल्या बैठकांमध्ये. जालन्यातही क्रिप्टोच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांच्या, नावाने फसवणूक झाल्याच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या आहेत.

कायद्याचं थोडक्यात : भारतात क्रिप्टो हे कायदेशीर चलन नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

गावात कुणी मोबाइलवर वाढत जाणारे आकडे दाखवून नव्या नाण्यात पैसे घाला म्हणालं, तर त्याच्याकडे व्यवहाराचा क्रमांक मागा. बिटकॉइनचा कोणताही व्यवहार असा क्रमांक टाकून इंटरनेटवर कुणालाही, फुकट, स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतो. तो आकडा फक्त त्याच्याच ॲपमध्ये दिसत असेल, तर ती वही एकट्या त्याच्या ताब्यात आहे, आणि त्यात उद्या काय लिहायचं हेही तोच ठरवणार.