आधी वास घ्यावा

घरी केलेल्या बिअरमध्ये काही बिघडलं, तर ते सगळ्यात आधी नाकाला कळतं. लोण्याचा वास, हिरव्या सफरचंदाचा वास, दवाखान्यातल्या मलमपट्टीचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. काही वास नुसतं थांबलं की जातात, काही कशानेच जात नाहीत. हा फरक ज्याला ओळखता येतो त्याची बिअर दर खेपेला सुधारते. भांडी किती महागाची आहेत याला मी फार किंमत देत नाही.

हे मी शिकलो ते इंग्लंडमध्ये, डर्बीला, एका मित्राच्या गॅरेजमध्ये. तो मूळचा सांगलीचा. इंग्लंडमध्ये घरी बिअर करण्याला १८८० पासून परवाना लागायचा. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली आणि स्वतःपुरती, न विकता, कुणीही बिअर करू लागलं. महाराष्ट्रात तसं नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई आहे, तेव्हा पुढचं सगळं वाचावं ते तिकडच्या गॅरेजमधलं म्हणूनच.

बिअरचं मूळ माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेल्या बार्लीत. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात तेव्हा दाण्यात जे घडतं तेच इथे घडतं. मोड फुटताना एन्झाइम तयार होतात आणि दाण्यातल्या पिष्टाची साखर करण्याचं काम पुढे तेच करतात. २३ लिटरच्या घाण्याला साधारण ५ किलो माल्ट लागतं. मित्र मॅरिस ऑटर हे जुनं इंग्रजी वाण वापरतो आणि हाताच्या गिरणीवर स्वतः भरडतो. पीठ होऊन चालत नाही. दाणा फुटला पाहिजे पण साल शक्यतो अखंड राहिलं पाहिजे, कारण नंतर रस गाळताना गाळणीचं काम ही सालंच करतात. फार बारीक दळलं की तळाशी चिखल होतो आणि नळातून थेंब पडेनासा होतो. तसं झालं तर नळ बंद करायचा, वरून थोडं गरम पाणी घालायचं, सगळं हलक्या हाताने ढवळून दहा मिनिटं बसू द्यायचं आणि मग नळ अगदी किंचित उघडायचा. घाईने पूर्ण उघडला की थर पुन्हा दाबला जातो.

मॅशिंगसाठी, म्हणजे भरड गरम पाण्यात मुरवण्यासाठी, त्याच्याकडे सहलीला नेतात तसला जाड बर्फाचा डबा आहे, त्याला खाली नळ बसवलेला. १३ लिटर पाणी ७३-७४ अंशांना तापवून त्यात भरड सोडली की मिश्रण ६६ च्या आसपास येऊन स्थिरावतं. तासभर ते तसंच झाकून ठेवायचं. या तासात दोन एन्झाइम काम करत असतात. एकाला साठ ते पासष्ट अंश मानवतात. त्याने केलेली साखर यीस्ट पूर्ण खातं आणि बिअर हलकी, कोरडी होते. दुसऱ्याला सत्तरच्या आसपासची उष्णता हवी. त्याच्या कामातून यीस्टला न पचणारे लांब तुकडे मागे राहतात आणि बिअरला अंग येतं. दोनतीन अंशांनी चव बदलते ती यामुळे. तास झाला की मित्र बशीत चमचाभर रस घेतो आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाकतो. निळंकाळं झालं तर पिष्ट शिल्लक आहे, अजून थांबायचं. रंग बदलला नाही तर काम झालं.

मग ७५ अंशांच्या पाण्याने भरड धुऊन सगळा गोडवा काढून घ्यायचा आणि तासभर उकळायचं. पहिली उकळी येते तेव्हा भांड्यापासून हलायचं नाही, हे दुधासारखं क्षणात उतू जातं. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं. कडवटपणासाठीचे हॉप्स सुरुवातीलाच टाकायचे, वासासाठीचे शेवटच्या पाचदहा मिनिटांत. झाकण मात्र ठेवायचं नाही. माल्टमधून उकडलेल्या मक्यासारखा वास येणारं एक गंधकयुक्त द्रव्य सुटतं, ते वाफेबरोबर जायला हवं.

उकळत असतं तोवर स्वच्छतेचा फार बाऊ करायचं कारण नाही, कारण उकळीत सगळं मरतं. खरी कसोटी गॅस बंद केल्यावर सुरू होते. तांब्याच्या नळीचं वेटोळं रसात बुडवून त्यातून नळाचं थंड पाणी सोडलं की वीसपंचवीस मिनिटांत सगळं विशीच्या खाली येतं. आता या गोड पाण्यावर यीस्टइतकाच हक्क हवेतल्या आणि भांड्यातल्या जिवाणूंचाही असतो. जो आधी वाढेल त्याचं राज्य.

स्वच्छ करणं आणि निर्जंतुक करणं ही दोन कामं आहेत. घाण असलेल्या भांड्यावर कितीही औषध ओता, घाणीखालचे जिवाणू सुरक्षित राहतात. मध्यंतरी मित्राची बिअर लागोपाठ आंबट होऊ लागली. बादली बदलली, यीस्ट बदललं, रबरी नळ्या फेकून नव्या आणल्या, तरी तेच. शेवटी त्याने बादलीचा प्लॅस्टिकचा नळ पिळून बाहेर काढला. फिरणारा भाग आणि त्याचं घर यांच्या फटीत पिवळट, चिकट थर बसला होता. नखाने खरवडला तेव्हा शिळ्या ताकाचा वास आला. दर वेळी बिअर त्यातूनच वाहत होती. तेव्हापासून नळ दर खेपेला सुटा करून गरम पाण्यात ऑक्सिजन सोडणाऱ्या पावडरीत भिजतो, आणि वापरायच्या आधी सगळ्यावरून आम्लाचं, निर्जंतुक करणारं द्रावण फिरतं. त्याचा फेस भांड्यात राहिला तरी धुवायचा नाही. नळाच्या पाण्याने धुतलं की केलेलं काम वाया जातं.

इंग्लंडमधले बिअर करणारे म्हणतात की माणूस फक्त गोड पाणी करतो, बिअर यीस्ट करतं. मला हे शब्दशः खरं वाटतं, आणि म्हणूनच यीस्टला काय हवं याकडे सगळं लक्ष द्यावंसं वाटतं. त्याला सुरुवातीला ऑक्सिजन लागतो, म्हणून बादली चांगली हलवून घ्यायची. ११ ग्रॅमचं सुकं पाकीट एवढ्या घाण्याला पुरतं. एल या इंग्रजी बिअरच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. पण गॅरेजचा थर्मामीटर १९ दाखवतो म्हणून निर्धास्त राहता येत नाही. आंबताना उष्णता तयार होते आणि बादलीतलं द्रव खोलीपेक्षा सहज तीनचार अंशांनी गरम असतं. पहिल्या दोनतीन दिवसांत ते पंचविशीच्या वर गेलं तर नेलपॉलिशसारखा उग्र वास येतो आणि घशाला जळजळतं. हा दोष कितीही ठेवलं तरी जात नाही. मित्र उन्हाळ्यात बादली पाण्याच्या टबात उभी करतो आणि तिच्याभोवती ओलं फडकं गुंडाळतो. हिवाळ्यात वॉर्मिंग बेल्ट लावतो. सगळ्या सामानापैकी एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर ते तापमान राखण्यावर घालावेत.

दुसऱ्या दिवशी वर जाड फेस चढतो, झाकणावरच्या एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पाणी भरलेल्या नळीतून, बुडबुडे येतात. नवखा माणूस या बुडबुड्यांवर सगळा हिशेब बांधतो. झाकण नीट बसलं नसेल तर वायू बाजूने निघून जातो आणि आत जोरात काम चालू असतानाही एअरलॉक गप्प असतो. उलट, खोली तापली की काम संपलेलं असूनही बुडबुडे येतात. खरं सांगतो तो घनता मोजणारा हायड्रोमीटर. सुरुवातीला १.०४८ असलेली घनता १.०१२ ला आली म्हणजे साधारण पावणेपाच टक्के मद्यार्क झाला.

एकदा ती १.०२२ वर अडली. मी म्हटलं, "अजून यीस्ट टाकू या का?" तो म्हणाला, "थांब रे. आधी का अडलंय ते बघू." बादली दोन अंशांनी गरम केली, तळाचं यीस्ट हलक्याने वर उचललं, तीन दिवस वाट पाहिली. आकडा जागचा हलला नाही. मग त्याने थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात धरला. शून्याऐवजी उणे चार! मॅशिंग ६६ ला केलं असं वाटत होतं, प्रत्यक्षात ते सत्तरला झालं होतं. यीस्टने खाण्याजोगं सगळं खाल्लं होतं. जे उरलं ते त्याला पचणारं नव्हतंच. अशा वेळी आणखी यीस्ट टाकून काही होत नाही. ती बिअर जड आणि गोडसर झाली, वाईट झाली नाही.

आता वासांकडे. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास म्हणजे डायअसिटाइल. आंबताना ते तयार होतं आणि नंतर यीस्टच ते परत खातं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. घाईने थंड केलं की यीस्ट झोपतं आणि लोणी तसंच राहतं. उपाय म्हणजे शेवटी दोनतीन दिवस तापमान दोनएक अंशांनी वाढवणं. ते गेलं का हे पाहायची एक सोपी चाचणी आहे. दोन छोट्या बरण्यांत नमुना घ्यायचा, एक झाकून ६५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायची, मग गार करून दोन्हींचा वास शेजारी शेजारी घ्यायचा. गरम केलेल्यात लोणी जाणवलं तर ते अजून दडून बसलंय, बाटल्या भरायच्या नाहीत. हिरव्या सफरचंदाचा वासही कच्चेपणाचा, तोही थांबल्याने जातो.

मलमपट्टीचा वास मात्र जात नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलना भिडलं की तो येतो. क्लोरामाइन असेल तर नुसत्या उकळण्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून सगळ्या पाण्यात आधीच क्लोरीन मारणारी कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरून टाकायची. चार पैशांची गोष्ट, पण तिच्यावाचून सगळा घाणा मोरीत जातो.

पाण्याचा विषय निघाला की मित्र बर्टन या बिअरच्या गावाकडे वळतोच, ते डर्बीहून जवळ आहे. तिथल्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून येतं आणि त्यातल्या सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, धारदार लागतो. १८२० च्या दशकात तिथल्या ऑलसॉप या बिअर कंपनीने हिंदुस्थानच्या बाजारासाठी पेल एल करायला घेतली. आजही कडवट एल करताना घरोघरी पाण्यात जिप्सम टाकतात. आपल्या पाण्याचा अहवाल पाहिल्याशिवाय टाकू नये, एवढंच.

बाटल्या भरताना लिटरला ५ ग्रॅम साखर पाण्यात उकळून मिसळायची. बिअर खळखळू द्यायची नाही. हवा मिसळली की महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि तो कायमचा. बाटल्या तपकिरीच घ्याव्यात, हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड हॉप्सपर्यंत पोचतो आणि बिअरला घाण वास सुटतो. घनता दोनतीन दिवस एकाच आकड्यावर थांबल्याशिवाय मात्र बाटलीला हात लावू नये. साखर शिल्लक असताना झाकण लावलं तर काच फुटते, आणि तिचे तुकडे डोळ्यापर्यंत जातात. एखादी बाटली उघडताच फसफसून वाहिली तर बाकीच्या बाटल्या चेहऱ्यापासून दूर, टॉवेलात गुंडाळून थेट फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि पूर्ण गार झाल्यावर एकेक हळूच उघडावी.

उलट दोन आठवड्यांनी बाटलीत वायूच धरलेला नसला तर बहुतेक वेळा जागा थंड असते. वीस अंशांच्या खोलीत आणून, बाटली उलटी करून तळाचं यीस्ट हलवावं आणि आणखी आठवडा द्यावा. तरी वायू धरला नाही तर झाकणं तपासावीत. बाटली आडवी करून कडेला ओल दिसली, तर झाकण दाबायचं हत्यार झिजलेलं असतं.