जगऱ्यातला रोडगा

पांढुर्ण्याच्या शिवारात रोडग्यांचा बेत ठरला की पहिली चौकशी गोवऱ्यांची होते. पीठ, वांगी, तूप कुठूनही येईल. गोवरी मात्र उन्हाळ्यात थापलेली, आतपर्यंत कोरडी हवी. ओलसर गोवरी धुपत राहते आणि तो धूर पिठात उतरतो. मार्गशीर्षातल्या त्या सकाळी संत्र्याच्या बागेलगत, धुऱ्यापासून जरा दूर, गोवऱ्यांचा ऐसपैस थर लागला. खालच्या आडव्या, वरच्या उभ्या तिरक्या, मधून हवा खेळेल अशा. हा जगरा. तो लावायचं काम घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या काकांचं, आणि त्यात कुणी हात घातलेला त्यांना चालत नव्हता.

एरवी या घरात चुलीकडे न फिरकणारे पुरुष रोडग्याच्या दिवशी परातीला बसतात. गहू जाडसर दळून आणलेला, हाताला रव्यासारखा लागणारा. त्यात मीठ, हातावर चोळलेला ओवा आणि तेलाचं सढळ मोहन. पाणी बेतानं. कणीक इतकी घट्ट की मळणाऱ्याच्या मनगटाला घाम फुटावा. मग खरं कसब सुरू होतं. एका रोडग्यासाठी लहान-मोठे चार गोळे. सगळ्यात लहान गोळा थोडा दाबायचा, त्याला तेलाचा हात लावायचा, दुसऱ्या गोळ्याची पारी करून त्यात तो गुंडाळायचा. पुन्हा तेल, पुन्हा पारी. शेवटची पारी मोठी, तिचं तोंड चिमटीनं बंद करून वरून गुळगुळीत करायची. पोटात तीन पदर आणि बाहेर एकही भेग नाही, असा गोळा परातीत ठेवला की पुढचा. भेग राहिली तर राख आत शिरते.

तोवर जगऱ्यानं ज्वाळा टाकून दिली होती. धूर संपून लाल निखारे उरले, तेव्हा काकांनी रोडगे त्यावर मांडले. लांब काठीनं ते फिरवत राहायचे, सगळ्या अंगांनी कवच धरेपर्यंत. मग निखारे बाजूला सारून, गरम राखेत ते ओळीनं पुरायचे आणि वरून राख-निखाऱ्यांचं पांघरूण घालायचं. पुढचा तासभर कुणी काठी लावायची नाही.

छिंदवाड्याहून आलेले जवाईबापू या तासाला कंटाळले. त्यांनी उरलेल्या कणकेचे चपटे, जाड गोळे केले, पदर वगैरे भानगड नाही, आणि जगऱ्याच्या कडेच्या निखाऱ्यांवर टाकले. शेजारी वांगी आणि टोमॅटो भाजायला ठेवले. हे त्यांच्याकडचे गक्कड आणि भर्ता. अर्ध्या तासात त्यांचं ताट तयार.

"रोडगा आतून शिजला पायजे, जवाईबापू," काका म्हणाले. "वरून तं सारंच भाजते."

जवाईबापूंनी हसून गक्कडाचा तुकडा त्यांच्यापुढे धरला. काकांनी तो खाल्ला, दुसरा मागून घेतला, आणि मत बदललं नाही.

एकाच विस्तवावर मांडलेल्या या दोन भाकरी म्हणजे या मुलखाची सोयरीक. भांडं नको, तवा नको, पीठ आणि विस्तव असला की झालं, अशी ही रानातली भाकर मध्य भारतात आणि त्याच्या आसपास पसरली आहे. माळव्यात कणकेचा गोळा आधी पाण्यात उकळून मग भाजतात, तो बाफला. राजस्थानात न उकळता भाजतात, ती बाटी. बिहारात पोटात सातू भरतात, ती लिट्टी. सातपुड्याच्या पठारावर गक्कड. आणि खाली वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीत तिला तेलाचे पदर मिळाले, तो रोडगा. मराठी मुलखात त्याचं वय मोठं आहे: सोळाव्या शतकातल्या एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला रोडग्याचाच नवस बोलते. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातही रोडगा असतो आणि शेजारी चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं.

पांढुर्णा आणि सौंसर ही पठाराच्या पायथ्याची गावं. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट चढला की पीक, घरं आणि ताट, तिन्ही बदलू लागतात. वर मका, आदिवासी पट्ट्यात कोदो-कुटकी आणि मोह. खाली कापूस, तूर, ज्वारी, संत्री. राज्याची हद्द मात्र घाटावर नाही, ती घाटाखाली नागपूरच्या बाजूला आहे. देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंदशहानं, नागपूर वसवलं तेव्हा घाटाच्या वरचा आणि खालचा मुलूख एकाच गादीखाली होता. पुढे भोसले आले, मग इंग्रजांचा मध्य प्रांत, आणि राजधानी नागपूरच राहिली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्ण्याच्या शाळा-कचेऱ्यांत हिंदी आली. चुलीपुढची वऱ्हाडी बोली होती तिथेच राहिली. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तोही सौंसरला सोबत घेऊन.

हद्द हलली तरी ताट तेच राहतं, हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोलंडच्या ताब्यात होती. आजही बीटाचं गार गुलाबी सार लिथुआनियन आणि पोलिश, दोघंही आपलंच मानतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ग्रँड ड्यूक व्हितौतासनं क्रिमियातून आणून त्राकाई गावात वसवलेल्या कराइम लोकांची मटण भरलेली करंजी, किबिनाई, तर आता त्या देशाची ओळखच झाली आहे.

इकडे चुलीवर तुरीचं वरण उकळत होतं आणि कढईत वांग्याची भाजी. तीळ, सुकं खोबरं आणि कांदा भाजून वाटलेला मसाला, वर बोटभर तेलाची तर्री. अचानक काकांनी नाक वर केलं. "आला वास. काढा." घड्याळाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. राख उकरून रोडगे निघाले ते तडकलेले, करपट तांबूस. स्वच्छ पोत्यात घालून दोघांनी दोन टोकं धरली आणि घोळले, तशी राख झडून गेली. मुठीनं ठोसा दिला की रोडगा उकलतो आणि आतले पदर सुटे होतात. त्यांत तूप मुरतं. गक्कडात ते वरच राहतं, एवढाच काय तो काकांचा मुद्दा होता, आणि तो खोटा नव्हता.

पळसाच्या पत्रावळी मांडल्या. पहिला रोडगा वरणात कुस्करून, दुसरा भाजीशी, तिसरा नुसत्या गूळ-तुपाशी. जवाईबापूंचा भर्ताही पंगतीत फिरला आणि रोडग्याशी लावून सगळ्यांनी खाल्ला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. ज्वारीच्या या मुलखात गव्हाचा रोडगा हे सणासुदीचं, नवसाचं जेवण होतं. आता गहू रोजचा झाला तरी त्याचा मान तेवढाच आहे.

जेवणं झाल्यावर काकांना सतावत होती ती मात्र पुढच्या वर्षाची गोवरी. वावरात ट्रॅक्टर आला, बैलजोडी विकली, गोठ्यात एकच गाय उरली. यंदाच्या गोवऱ्या शेजारच्या गावातून विकत आणाव्या लागल्या. गॅसवरच्या ओव्हनमध्ये भाजलेले रोडगे लग्नाच्या पंगतीत मिळू लागले आहेत. ते सगळीकडून सारखे भाजतात, त्यांना राखेचा वास नसतो आणि खाणाऱ्याला दात लागत नाहीत. गोंड राजा, भोसले, इंग्रज आणि राज्य पुनर्रचना यांतल्या कुणालाही या पंगतीतून रोडगा उठवता आला नव्हता. गोठा रिकामा झाला, तर तो आपोआप उठेल.